साधना-मंडळात तक्रार आली तर कोणतं पाऊल आधी टाकायचं

ध्यानवर्ग, सत्संग, योगकेंद्र, नामजपाचं मंडळ, तंत्रसाधनेचा छोटा गट. अशा ठिकाणी मार्गदर्शक आणि साधक यांच्यात नातं जुळतं, बिघडतं आणि एके दिवशी कुणीतरी येऊन सांगतं, "मला यात त्रास झाला." त्यानंतर मंडळी जे करतात त्यामागे बहुतेक वेळा वाईट हेतू नसतो. चुकतो तो क्रम. आधी बैठक बोलावली जाते, मग दोघांना समोरासमोर बसवलं जातं, मग व्हॉट्सअ‍ॅपवर फाटे फुटतात आणि शेवटी तक्रार करणारी व्यक्ती यायची बंद होते. मार्गदर्शक मात्र पुढच्या गुरुपौर्णिमेला व्यासपीठावर असतो.

हा लेख कुणाच्या तरी दिवाणखान्यात किंवा भाड्याच्या हॉलमध्ये भरणाऱ्या वीस-पन्नास जणांच्या मंडळांसाठी आहे. मोठ्या आश्रमांकडे वकील असतात. इथे असतात चिटणीस, खजिनदार आणि चहाची व्यवस्था बघणारे काका.

## १. हा प्रश्न मंडळाचा आहे का, ते आधी ठरवा

सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. मंडळ विचारतं, "हे नातं बरोबर की चूक?" विचारायचं असतं ते असं: कोणाच्या हातात कोणाचं काय होतं?

दोन साधिका एकत्र राहतात. एखादं जोडपं लग्नाशिवाय राहतं. तिघांनी आपसात ठरवून, एकमेकांना सांगून नातं ठेवलं आहे. सगळे सज्ञान आहेत आणि कुणी कुणाचा मार्गदर्शक नाही. मग मंडळाचा इथे काहीही संबंध नाही. सज्ञान समलिंगी व्यक्तींमधला संमतीचा संबंध ६ सप्टेंबर २०१८ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालापासून गुन्हा नाही. त्याच महिन्यात २७ तारखेला व्यभिचाराचं कलमही रद्द झालं. व्यभिचार घटस्फोटाचं कारण होऊ शकतो आणि पहिलं लग्न कायम असताना दुसरं करणं आजही गुन्हाच आहे. पण ते बघायला न्यायालय आहे, मंडळाची बैठक नाही. "मंडळाचं नाव खराब होतं" एवढ्यावर कुणी तक्रार आणली, तर ती नोंदवा आणि "हा आमचा विषय नाही" असं लेखी उत्तर द्या. तोंडी दिलेलं उत्तर दोन दिवसांत तिखटमीठ लावून परत येतं.

मार्गदर्शकाची पत्नी किंवा साधिकेचा नवरा तक्रार घेऊन आला, तर ऐकून घ्या, पण संसाराचा निवाडा करायला बसू नका. त्यातला एकच भाग तुमचा: मार्गदर्शकाने आपल्या स्थानाचा वापर केला का?

मंडळाचा प्रश्न तेव्हा होतो, जेव्हा नात्यातल्या एकाच्या हातात दुसऱ्याचं काही असतं: अनुग्रह, दीक्षा, शिबिरातली जागा, राहण्याची सोय, सेवेचं काम, पैसे किंवा विश्वासाने सांगितलेली गुपितं. बाहेरच्यांना हे किरकोळ वाटतं. तीन वर्षं वाट पाहून मिळालेली शिबिरातली जागा साधकासाठी किरकोळ नसते. नातं तोडल्यानंतरच्या महिन्यात शिबिराच्या यादीतून तिचं नाव गळलं असेल आणि यादी करणारा तोच असेल, तर चौकशीचं टोक तुमच्या हाती आलेलं आहे.

थांबा. समोरची व्यक्ती १८ वर्षांखालची असेल, तर हा लेख बाजूला ठेवा. मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या 'पॉक्सो' कायद्यानुसार माहिती असलेल्या प्रत्येकाला पोलिसांत किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवणं बंधनकारक आहे. न कळवणं हाच गुन्हा ठरतो आणि संस्थेच्या प्रमुखाला हाताखालच्या माणसाबद्दल गप्प राहिल्याबद्दल एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. "आधी आपण आत चौकशी करू" हे वाक्य इथे चालत नाही. चाइल्डलाइन १०९८, पोलीस ११२.

## २. तक्रार येण्याआधीची तयारी

तक्रार आल्यावर समिती नेमली की ती कुणाची तरी बाजू घ्यायलाच नेमली, असं वाटतं. म्हणून सगळं शांत असताना हे करून ठेवा.

तीन माणसं नेमा. हा तुमचा तक्रार-गट. किमान एक स्त्री. किमान एक जण मंडळाबाहेरचा, म्हणजे त्याच गुरूंचा अनुग्रह न घेतलेला: समुपदेशक, वकील, निवृत्त शिक्षिका, कुणीही समंजस. मार्गदर्शकाचे नातेवाईक, व्यवसायातले भागीदार आणि मोठे देणगीदार वगळा. तिघांचे फोन नंबर जाहीर असू द्या आणि तक्रार कुणाही एकाकडे करता येते हे सांगा.

एका पानाचा नियम लिहा. मार्गदर्शन चालू असताना मार्गदर्शकाने त्या साधकाशी प्रेमसंबंध ठेवायचे नाहीत. दोन्ही बाजूंनी खरोखर ओढ निर्माण झाली, तर आधी मार्गदर्शन दुसऱ्याकडे सोपवायचं, या तिघांना सांगायचं आणि काही महिने थांबायचं. किती महिने ते तुम्ही ठरवा. माझं मत विचाराल तर सहापेक्षा कमी नकोत. हा नियम लग्न झालेल्यांना, न झालेल्यांना, स्त्री-पुरुष आणि समलिंगी नात्यांना सारखाच. फक्त 'चौकटीबाहेरच्या' नात्यांना लावलात, तर तो नियम राहत नाही, ते पाळत ठेवणं होतं.

साधना-वह्यांचं काय ते ठरवा. अनेक मंडळांत साधक रोजची मनःस्थिती वहीत लिहून मार्गदर्शकाला देतात. त्यात घरची भांडणं, जुन्या जखमा, लैंगिक ओढ, सगळं असतं. अशी वही ज्याच्याकडे आहे, त्याला समोरच्याची दुखरी नस माहीत असते. वह्या वाचून लगेच परत द्यायच्या, फोटो काढायचे नाहीत, असा नियम आजच करा.

कायदा बघा. संस्थेत १० किंवा अधिक जण काम करत असतील, तर २०१३ च्या लैंगिक छळविरोधी कायद्याप्रमाणे अंतर्गत समिती हवीच. पगार न घेता सेवा करणारेही त्यात मोजले जातात. दहापेक्षा कमी असतील, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येतं. तक्रारीची मुदत तीन महिने, कारण पटलं तर आणखी तीन महिने. ही सोय स्त्रियांसाठीच आहे, त्यामुळे पुरुष आणि इतर साधकांसाठी तुमचा एका पानाचा नियम हाच मुख्य आधार राहतो.

तपासा. नवीन साधकाला पहिल्या महिन्यात हे पान हातात मिळतं का? चपलांच्या मांडणीजवळच्या फलकावर लावलेला कागद कुणी वाचत नाही.

## ३. पहिलं बोलणं

तक्रार अर्जाच्या रूपात क्वचितच येते. आरतीनंतर चपला घालताना कुणीतरी म्हणतं, "ताई, जरा बोलायचं होतं." किंवा रात्री अकराला मेसेज येतो आणि लगेच खोडलाही जातो. ऐकणाऱ्याने तिथे उभ्या उभ्या प्रश्न विचारू नयेत. वेळ आणि जागा तिला ठरवू द्या आणि हवं तर सोबत कुणी आणायला सांगा.

सुरुवात अशी करा: "तू सांगतेस ते मी लिहून घेऊ का? हे आम्हा तिघांपलीकडे तुला विचारल्याशिवाय जाणार नाही. फक्त लहान मूल गुंतलेलं असेल किंवा कुणाच्या जिवाला धोका असेल, तर मला कळवावं लागेल." ही शेवटची अट आधीच सांगायची असते. सगळं ऐकून झाल्यावर सांगितली की विश्वासघात वाटतो.

तिच्याच शब्दांत लिहा. "त्यांनी मला गेल्या जन्मीची पत्नी म्हटलं" असं ती म्हणाली, तर "अयोग्य वर्तन" असं सोवळं करून लिहू नका. त्या नेमक्या वाक्याला कायद्यात किंमत आहे, ते पुढे येतंच. तारीख, ठिकाण, कोण होतं, नंतर कुणाला सांगितलं, एवढं टिपा. लिहिलेलं वाचून दाखवा, तिच्या दुरुस्त्या घाला, एक प्रत तिला द्या.

इथे होणाऱ्या चुका: "आधी का नाही बोललीस?" "एकटी कशाला गेलीस?" "घरी माहीत आहे?" आणि सगळ्यांत महागात पडणारी म्हणजे "गुरुनिंदा होतेय, जपून बोल." प्रारब्ध, परीक्षा, अहंकार हे तीन शब्द या बैठकीत उच्चारू नका. तिला तोवर ते पुष्कळदा ऐकवून झालेले असतात.

थांबा. "क्षमा हीच खरी साधना" असं म्हणत लगेच मांडवली करायला धावू नका. तडजोड हवी की नको हे ती सांगेल, तेही नंतर.

निनावी चिठ्ठी आली तर? फेकू नका. डेरा सच्चा सौदाच्या गुरमीत राम रहीमवरचा खटला २००२ सालच्या एका निनावी पत्रातून उभा राहिला आणि २०१७ मध्ये त्याला बलात्काराच्या गुन्ह्यात शिक्षा झाली. चिठ्ठीवर कुणाला दोषी धरता येत नाही, पण नियमांची उजळणी करता येते आणि तक्रार-गटाचे नंबर पुन्हा जाहीर करता येतात. चिठ्ठी कुणी लिहिली हे शोधत बसणं मात्र वर्ज्य.

## ४. अठ्ठेचाळीस तासांत करायची कामं

चौकशी अजून सुरू झालेली नाही. तरी काही गोष्टी आधीच हलवाव्या लागतात.

मार्गदर्शकाने वर्ग घेणं तूर्त थांबवायचं. ही शिक्षा नाही, हे त्याला आणि मंडळाला स्पष्ट सांगा. "तू थोडे दिवस येऊ नकोस, वातावरण निवळू दे" असं तिला सांगणं ही नेहमीची चूक आहे. हलायचं असेल तर ज्याच्याकडे पद आहे त्याने हलायचं.

त्याच्याकडून चार गोष्टी ताब्यात घ्या: हॉलची किल्ली, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपचं अ‍ॅडमिनपद, साधना-वह्या आणि शिबिराच्या यादीचं काम. अ‍ॅडमिनपद क्षुल्लक वाटेल, पण एका रात्रीत ग्रुपमधून तीन जणांना काढून टाकता येतं.

तिला सांगा: मेसेज खोडू नकोस, फोन बदलू नकोस, फॉरमॅट करू नकोस. स्क्रीनशॉट चालतात, पण मूळ फोनमधला मजकूर जास्त भक्कम. शारीरिक अत्याचार नुकताच झाला असेल, तर वैद्यकीय तपासणी जितक्या लवकर तितकी बरी, शक्यतो ७२ तासांच्या आत. आधी पोलिसांत गेलं पाहिजे असं नाही, रुग्णालयात थेट जाता येतं आणि प्रथमोपचार मोफत मिळायला हवेत.

थांबा. तिच्या किंवा त्याच्या घरच्यांना परस्पर फोन करू नका. आपल्याकडे "घरच्या मोठ्यांना बोलावून घेऊ" हा हातखंडा उपाय आहे. साधक समलिंगी असेल आणि घरी माहीत नसेल, तर तुमच्या एका फोनने त्याचं घर सुटू शकतं. विवाहित स्त्रीच्या बाबतीतही तेच.

## ५. कायद्याची वाट तिच्यासमोर ठेवा

पोलिसांत जायचं का, हे सज्ञान व्यक्तीने ठरवायचं. तुम्ही फक्त वाटा दाखवायच्या, ढकलायचं नाही आणि अडवायचंही नाही. "पोलीस मध्ये आले तर मंडळ बंद पडेल" हे वाक्य धमकीच ठरतं.

महाराष्ट्रात या विषयाला थेट लागू पडणारा एक कायदा आहे आणि तो फार कमी मंडळांना माहीत आहे. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या अनुसूचीत हे स्पष्ट लिहिलंय: आपल्यात विशेष शक्ती आहे, आपण कुणाचा तरी अवतार आहोत किंवा भक्त गेल्या जन्मी आपली पत्नी, पती वा प्रेयसी होती असं भासवून लैंगिक संबंध ठेवणं हा गुन्हा आहे. मूल न होणाऱ्या स्त्रीला अलौकिक शक्तीने मूल होईल असं सांगून संबंध ठेवणंही. शिक्षा सहा महिने ते सात वर्षं, दंड पाच हजार ते पन्नास हजार. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र. यासाठी पोलिसांत दक्षता अधिकारी नेमलेले असतात. म्हणून तिसऱ्या टप्प्यात तिचे शब्द जसेच्या तसे लिहायला सांगितले.

याशिवाय: लग्नाचं खोटं वचन देऊन संबंध ठेवल्यास भारतीय न्याय संहितेचं कलम ६९. गुन्हा कुठेही घडलेला असो, कोणत्याही पोलीस ठाण्यात 'झिरो एफआयआर' नोंदवता येते. शिबिर हिमालयात आणि घर साताऱ्यात अशा वेळी हे उपयोगी. महिला हेल्पलाइन १८१. मनाला आधार हवा असेल तर टेली-मानस १४४१६.

ती पोलिसांत गेली, तर मंडळाने स्वतःच्या साक्षी घेणं आवरतं घ्यावं आणि पोलिसांशी बोलून ठरवावं. वर्ग न घेण्याची अट मात्र चालू ठेवावी.

## ६. चौकशी

क्रम असा: आधी तिचं निवेदन पूर्ण, मग तिने नावं दिलेले साक्षीदार, मग मार्गदर्शक, मग त्याने नावं दिलेले साक्षीदार. प्रत्येकाशी वेगवेगळं बोला. मार्गदर्शकाला आरोप लेखी द्या, तयारीला आठवडाभर द्या, त्याचं म्हणणंही त्याच्याच शब्दांत लिहा. सगळं महिन्याभरात आटपायला हवं.

समोरासमोर बसवू नका. हा नियम कोणत्याही सबबीवर मोडायचा नाही. ज्याच्या पायांवर डोकं ठेवलंय, त्याच्या डोळ्यांत बघून "तुम्ही माझ्याशी असं वागलात" म्हणणं कुणालाही जड जातं. त्या खोलीतली शांतता मग "बघा, तिला काही बोलताच येत नाही" अशी नोंदली जाते.

विचारायचे प्रश्न संमतीभोवती फिरतात, पण "तिने हो म्हटलं होतं का?" इथे थांबत नाहीत. नाही म्हटलं असतं तर तिचं काय गेलं असतं? नात्याला साधनेचं कारण दिलं होतं का, ऊर्जा, शुद्धी, विशेष दीक्षा वगैरे? गुप्त ठेवायला कुणी सांगितलं? आणि हे त्याने याआधी कुणाबरोबर केलंय का? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर पुष्कळदा मंडळ सोडून गेलेल्यांकडे असतं. "अमुक अचानक यायची का बंद झाली" याची जुनी हजेरी काढून बघा.

अनेक जोडीदारांच्या नात्यात एक गोष्ट वेगळी तपासा: "माझ्या घरी सगळं माहीत आहे" असं तो म्हणाला होता का आणि ते खरं होतं का? संमती ज्या माहितीवर दिली ती खोटी असेल, तर संमतीही पोकळ होते. त्यासाठी त्याच्या पत्नीला बोलावून उलटतपासणी घ्यायची नाही. त्यालाच विचारा, उत्तर नोंदवा.

पुरावा कोर्टाच्या पातळीचा लागत नाही. तुम्ही तुरुंगात पाठवत नाही, एका जबाबदारीवरून माणूस बाजूला करता आहात. मार्गदर्शकाचं आसन म्हणजे विश्वासाने सोपवलेलं काम, हक्क नव्हे. "असं घडलं असण्याचीच शक्यता जास्त" इतकं पटलं की पुरे.

### संस्थापकावरच तक्रार असेल तर

इथे बहुतेक मंडळं हात टेकतात आणि त्यात अप्रामाणिक काही नाही. ज्याच्या घरात वर्ग भरतो, ज्याच्या नावाने मंडळ चालतं, त्याची चौकशी त्याचेच शिष्य करू शकत नाहीत. तसं असेल तर पहिल्याच आठवड्यात तिला सरळ सांगा, "हे आमच्याकडून निष्पक्ष होणार नाही." मग दोनच रस्ते. तिन्ही माणसं बाहेरची आणा, नाहीतर बाहेरच्या यंत्रणेकडे जायला तिला मदत करा. मंडळ नोंदणीकृत सार्वजनिक न्यास असेल, तर विश्वस्ताला निलंबित करण्याचा, काढून टाकण्याचा अधिकार १९५० च्या महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१-ड खाली धर्मादाय आयुक्तांना आहे. पण तोंडदेखली चौकशी करून "काही आढळलं नाही" असा कागद देऊ नका. तो कागद पुढे तिच्याच विरुद्ध वापरला जातो.

## ७. निर्णय

मार्गदर्शनाचं काम कायमचं किंवा ठरावीक काळ काढून घेणं, एकांतात मार्गदर्शन बंद, घेतलेले पैसे परत, लेखी कबुली, व्यावसायिक समुपदेशन. यांपैकी काय लागू होतं ते कारणासकट लिहा आणि दोघांनाही वेगवेगळं कळवा. तिला काय हवं होतं हे विचारलेलं असावं. मात्र निर्णयाचा भार तिच्यावर टाकू नका. "तूच सांग, काढायचं का त्यांना?" हा प्रश्न म्हणजे अंग काढून घेणं.

प्रायश्चित्ताच्या सापळ्यापासून सावध. सव्वा महिन्याचं मौन, अनुष्ठान, पायी परिक्रमा यांतून तिची कोणतीही भरपाई होत नाही. उलट मौनातून परतलेला माणूस अधिकच तेजस्वी दिसतो आणि दुप्पट शिष्य गोळा होतात.

थांबा. पदावरून काढणं वेगळं, वाळीत टाकणं वेगळं. "त्याच्याशी कुणी बोलायचं नाही, त्याच्या घरच्या कार्याला जायचं नाही" असा फतवा काढलात, तर २०१६ च्या सामाजिक बहिष्कारविरोधी कायद्याच्या कचाट्यात तुम्हीच सापडू शकता. तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. हेच तिच्या बाबतीतही लक्षात ठेवा, कारण व्यवहारात वाळीत बहुधा तीच पडते.

## ८. मंडळाला काय सांगायचं

काहीच न सांगितलं तर अफवा, सगळं सांगितलं तर तिची ओळख उघड. मधला मजकूर साधारण असा:

"श्री. अमुक यांच्या मार्गदर्शक म्हणून वर्तनाबद्दल तक्रार आली होती. तक्रार-गटाने दोन्ही बाजू ऐकल्या. नियम मोडल्याचं आढळल्याने ते यापुढे मंडळात मार्गदर्शन करणार नाहीत. तक्रार कुणी केली याचा शोध घेऊ नये. आणखी कुणाला काही सांगायचं असल्यास या तीन क्रमांकांवर बोलावं."

एवढंच. प्रत्यक्ष सभेत वाचून दाखवा, ग्रुपवर टाकू नका. ग्रुपवरचा मजकूर स्क्रीनशॉट होऊन शहरभर फिरतो. अधिकार असलेल्या माणसाकडे सद्भावनेने केलेली तक्रार बदनामी ठरत नाही, पण दोनशे जणांच्या ग्रुपला ते संरक्षण मिळेलच असं नाही. बलात्काराची तक्रार असेल, तर पीडितेची ओळख पटेल असं काहीही छापणं, पसरवणं हा स्वतंत्र गुन्हा आहे. "गुरुवारच्या बॅचमधली ती नाशिकची" एवढ्यानेही ओळख पटते.

## ९. नंतरचे महिने

एक महिन्याने, तीन महिन्यांनी आणि वर्षाने तिला फोन करा. विचारायचं हेच: कुणी टोमणे मारतं का, शिबिरात जागा मिळाली का, तो संपर्क करतोय का. कागद तक्रार-गटाकडे कुलपात ठेवा, चिटणिसाच्या लॅपटॉपवर नकोत.

काढलेला मार्गदर्शक बहुधा दुसऱ्या गावात नवा वर्ग सुरू करतो किंवा दुसऱ्या केंद्रात प्रवचनं द्यायला लागतो. तिकडच्या मंडळींनी फोन करून "कसा आहे माणूस?" असं विचारलं, तर "छान बोलतात, अभ्यास दांडगा आहे" असं म्हणून सुटका करून घेऊ नका. मंडळात जाहीर केलेलाच मजकूर, तेवढाच, त्यांना वाचून दाखवा. तिचं नाव, गाव, वय काही सांगू नका. फोन कधी आला, कुणाचा होता आणि काय सांगितलं, ते त्याच फाइलमध्ये तारखेसह लिहून ठेवा.